धावत्या व्हॅनिटी व्हॅनची स्लाइड आपोआप बाहेर सरकते: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कोठे करावी

व्हॅनिटी व्हॅन निघण्यापूर्वी तिची स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना जागा वाढवण्यासाठी भिंतीतून बाहेर सरकवता येणारी खोली, पूर्ण आत घेतलेली असते आणि तरीही गोरेगावच्या चित्रनगरीतून मढला पोहोचेपर्यंत त्या सरकत्या खोलीची मागची कड भिंतीपासून दोन बोटे बाहेर आलेली दिसते. चालक बटण दाबून ती पुन्हा आत घेतो, दिवसभराचे चित्रीकरण पार पडते आणि परतीच्या रस्त्यावर तोच प्रकार पुन्हा घडतो. ट्रकच्या चासीवर बांधलेली व्हॅन असो किंवा मोटारीमागे ओढून नेण्याचा कॅरॅव्हॅन ट्रेलर असो, तक्रार सारखीच असते, कारण खोली हलवणारी यंत्रणा दोन्हींत बहुधा एकाच जातीची असते. मुंबईत व्हॅनिटी व्हॅनची संख्या मोठी असल्यामुळे मी पुढील विवेचन त्यांना धरून केले आहे; ट्रेलर बाळगणाऱ्यांना ते जवळजवळ तसेच लागू पडेल.

हा दोष वर्षानुवर्षे टिकून राहतो, याचे मुख्य कारण असे की बटण दाबल्यावर खोली आत आली म्हणजे यंत्रणा ठीक आहे, असा सर्वांचा समज होतो. वास्तविक त्यावरून एवढेच सिद्ध होते की खोली ओढणारा भाग शाबूत आहे. ओढून झाल्यावर तिला आत धरून ठेवण्याचे काम निराळ्या भागाकडे असते आणि स्लाइड बाहेर सरकण्याचा बिघाड बहुतेक वेळा त्या धरणाऱ्या भागातच असतो. म्हणून मोटर बदलण्याआधी, नवा पंप मागवण्याआधी, आपल्या गाडीत खोलीला आत कोण धरून ठेवते, हे शोधून काढणे हे पहिले काम आहे.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९३ प्रमाणे वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. व्हॅनिटी व्हॅनचा सांगाडा मुळातच या मर्यादेच्या अगदी जवळ बांधलेला असतो, त्यामुळे खोली थोडी जरी बाहेर आली तरी गाडी मर्यादा ओलांडते. त्याहून गंभीर बाब म्हणजे मार्वे रस्त्यासारख्या अरुंद रस्त्यावर दुचाकीस्वार मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाने वाट काढतात आणि बाहेर आलेल्या खोलीची खालची कड त्यांच्या खांद्याच्या आणि डोक्याच्या उंचीवर असते. चालकाच्या आरशात ही कड सहजासहजी दिसत नाही. त्यामुळे कारण सापडेपर्यंत, पुढे वर्णन केलेला आधाराचा दांडा लावल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोलीला आत कोण धरून ठेवते

स्लाइडच्या यंत्रणा स्थूलमानाने तीन प्रकारच्या आढळतात. पहिल्या प्रकारात चासीच्या आडव्या तुळयांमधून दातेरी पट्ट्या जातात आणि एकच मोटर एका दांड्याच्या साहाय्याने दोन्ही पट्ट्यांवरील दातेरी चाके फिरवते. येथे खोलीला आत धरून ठेवण्याचे काम मोटरच्या पाठीमागे बसवलेला ब्रेक करतो. दुसऱ्या प्रकारात खोलीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला भिंतीतच एकेक लहान मोटर उभी बसवलेली असते आणि एक नियंत्रक पेटी दोन्ही मोटरींचे फेरे मोजून त्यांना बरोबरीने चालवते. येथे बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतो आणि गिअरमधील विरोध हाच काय तो आधार असतो. तिसरा प्रकार हायड्रॉलिक सिलिंडरचा असून त्यात सिलिंडरमध्ये कोंडलेले तेल खोलीला धरते आणि त्या तेलाला परतीचा मार्ग बंद करणारा व्हॉल्व्ह हा खरा पहारेकरी असतो. यांखेरीज साखळी आणि तारदोर यांनी ओढली जाणारी स्लाइडही असते. तिच्यात सैल पडलेली तार प्रथम तपासावी, कारण तार ताणून घेतल्यावर पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते.

आपली यंत्रणा कोणती, हे गाडीखाली वाकून पाहिले की लगेच कळते. खाली चौकोनी तुळया आणि त्यांना जोडणारा फिरता दांडा दिसला तर पहिला प्रकार, होज पाइप आणि सिलिंडर दिसले तर तिसरा, आणि खाली काहीच न दिसता खोलीच्या बाजूच्या भिंतीवर ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसल्या तर दुसरा.

रस्ता खोलीला बाहेर कसा ढकलतो

उभ्या गाडीत न हलणारी खोली धावत्या गाडीत का सरकते, हे समजून घेतल्याशिवाय चाचण्यांचा अर्थ लागत नाही. उभ्या गाडीत रोलर आणि पट्ट्या यांच्यातील स्थिर घर्षण खोलीला जागीच धरून ठेवते. गाडी धावू लागली, खड्डे आणि गतिरोधक यांचे हादरे बसू लागले की हे घर्षण क्षणोक्षणी तुटते आणि त्या क्षणी बाहेरच्या दिशेने लहानसे जरी बल असले तरी खोली केसभर पुढे जाते. असे हजारो हादरे बसल्यावर दोन बोटांचे अंतर तयार होते.

हे बल येते कोठून, याचा हिशेब मांडता येतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे हा उतार डाव्या बाजूला असतो. फर्निचर आणि कपडेपटासह ४०० किलो वजनाची स्लाइड डाव्या भिंतीत असेल, तर केवळ या उतारामुळे तिच्यावर सुमारे १० किलो वजनाइतके बल सतत बाहेरच्या दिशेने लागते. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात आणि तेथील ट्रेलरची मुख्य स्लाइड बहुधा डाव्या अंगाला असते, म्हणजे तेथील रस्त्याचा उतार खोलीला आत ढकलतो. तोच ट्रेलर, किंवा त्याचा आराखडा उतरवून बांधलेली व्हॅन, मुंबईत आली की तोच उतार खोलीला बाहेर ओढू लागतो. परदेशी माहितीपुस्तिकेत ज्या यंत्रणेला पुरेशी म्हटले आहे ती येथे अपुरी ठरण्याचे हे एक कारण आहे आणि त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते.

वळणांचा परिणाम याहून मोठा असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी वळवली, तर त्याच ४०० किलोच्या खोलीवर वळणाच्या बाहेरील बाजूस सुमारे ८४ किलो वजनाइतके बल लागते. आपल्याकडे यू-टर्न उजवीकडे घेतला जातो, त्यामुळे डाव्या भिंतीतील स्लाइडवर हे सगळे बल बाहेरच्याच दिशेने येते. घोडबंदर रस्त्यावर किंवा पश्चिम द्रुतगती मार्गाच्या जोडरस्त्यांवर एका फेरीत असे अनेक यू-टर्न होतात. स्लाइड उजव्या भिंतीत असेल तर हिशेब उलटा होतो आणि डावीकडची तीव्र वळणे तिला त्रास देतात. म्हणून तक्रार नोंदवताना स्लाइड कोणत्या बाजूला आहे आणि कोणत्या रस्त्याने गाडी आली, हे दोन्ही लिहावे.

मोजमापापासून सुरुवात

कोणतेही पान्हे हातात घेण्यापूर्वी सपाट जागी गाडी उभी करून खोली पूर्ण आत घ्यावी आणि आतील चौकट व भिंत यांमधील अंतर चारही कोपऱ्यांवर मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवावे. चारही ठिकाणी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने रेघ मारल्यास नंतर वाद राहत नाही. पहिली रात्र गाडी जागची न हलवता सकाळी पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून परत मोजावे.

या दोन मोजमापांवरून निम्मे निदान होते. रात्रभर उभ्या गाडीतच खोली सरकली असेल तर हायड्रॉलिक गळती किंवा रबरी सीलचा, म्हणजे खोलीच्या कडेने बसवलेल्या रबरी पट्टीचा, उलट दाब यांपैकी एक कारण जवळजवळ निश्चित असते. उभ्या गाडीत काहीच हालचाल नसून फेरीनंतर अंतर घटले असेल तर ब्रेक, गिअर किंवा दांड्याचे जोड यांच्याकडे पाहावे. केवळ पुढची किंवा केवळ मागची कड बाहेर आली असेल तर दोष त्या कडेच्या पट्टीत, मोटरीत किंवा जोडपिनेत आहे, आणि अशा वेळी संपूर्ण यंत्रणा उघडत बसणे हा व्यर्थ खर्च ठरतो. वरचे कोपरे बाहेर आणि खालचे जागेवर असे दिसले तर खोली तिरपी झाली आहे. खालचे रोलर झिजले आहेत की पावसाच्या पाण्याने प्लायवूडची जमीन फुगली आहे, हे तपासावे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि बहुतेक व्हॅन उघड्यावर उभ्या असतात, त्यामुळे हे दुसरे कारण येथे वारंवार आढळते.

हायड्रॉलिक गाडीच्या बाबतीत रात्रीच्या मोजमापाचा अर्थ लावताना एक खबरदारी घ्यावी. तेल दर अंशामागे साधारण ०.०७ टक्के आकसते. ९०० मिलिमीटर लांब सिलिंडरमध्ये दुपारच्या उन्हात कोंडलेले तेल पहाटेपर्यंत १० अंशांनी थंड झाले, तर तेलाचा तो स्तंभ सुमारे ६ मिलिमीटरने कमी होऊ शकतो आणि सीलच्या दाबाने खोली तेवढी बाहेर येऊ शकते. ही गळती नव्हे. खोली संध्याकाळी उशिरा, यंत्रणा निवल्यावर, पुन्हा आत घेऊन मोजमाप केले की हा संभ्रम राहत नाही.

विजेने सरकते की विजेविना

दुसरी चाचणी सोपी आहे आणि तरीही ती क्वचितच केली जाते. स्लाइडच्या मोटरीचा किंवा पंपाचा फ्यूज काढून, आधाराचा दांडा किंचित सैल लावून, बंद आवारात किंवा रिकाम्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी. दांडा इतकाच सैल ठेवावा की खोली १० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू शकणार नाही. फ्यूज काढल्यावर सरकणे पूर्ण थांबले, तर खोली वीज मिळाल्यामुळेच बाहेर जात होती असे समजावे. भिंतीवरील बटणात ओल शिरली असेल, रिमोटचा संदेश घेणाऱ्या पेटीतील रिलेचे (विजेने चालूबंद होणाऱ्या स्विचचे) संपर्क चिकटले असतील, किंवा वायरिंगचे आवरण घासून दोन तारा एकमेकींना टेकत असतील. मढ आणि मार्वे परिसरातील खारट हवेत उघडे संपर्क फार लवकर हिरवे पडतात. अशा वेळी बटण किंवा रिले पूर्ण बदलावे. काचकागदाने घासून साफ केलेला संपर्क त्या हवेत फार काळ टिकत नाही.

या चाचणीत फ्यूजच काढावा, मोटरीचा जोड काढू नये. दिशा बदलणाऱ्या रिलेंच्या नेहमीच्या जोडणीत, बटण सोडल्यावर मोटरीची दोन्ही टोके अर्थला जोडलेली राहतात. अशी टोके एकमेकांना जोडलेली मोटर कोणी बाहेरून फिरवू लागले तर ती स्वतःच विरोध करते, आणि हा विरोध खोली धरून ठेवण्यात मदत करतो. जोड काढला तर ही मदत जाते आणि चाचणीच फसते. याच कारणाने मोटरीकडे जाणारी तार किंवा अर्थचे थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) सैल झाले असेल तर खोली व्यवस्थित आत येते, परंतु धावताना पूर्वीपेक्षा सहज सुटते.

फ्यूज काढूनही खोली सरकत राहिली तर दोष यांत्रिक किंवा हायड्रॉलिक आहे.

ब्रेक असलेली एक मोटर

या प्रकारात सर्वांत आधी मोटरीच्या मागील बाजूची ब्रेक सोडण्याची खिटी पाहावी. वीज नसताना खोली हाताने आत घेता यावी म्हणून ही खिटी दिलेली असते. सेटवर कधी बॅटरी उतरली, कोणी खिटी फिरवून हातदांड्याने खोली आत घेतली आणि ती तशीच राहिली, तर त्यानंतर मोटर नेहमीप्रमाणे चालत राहते, परंतु ब्रेक कधीच लागत नाही. ही खिटी जागेवर आणण्यास अर्धा मिनिट पुरतो, आणि मोटर बदलूनही तक्रार कायम राहिलेल्या गाडीतही पहिल्यांदा तीच तपासावी.

खिटी बरोबर असेल तर हातदांडा लावून मोटर उलट फिरवून पाहावी. ब्रेक चांगला असेल तर साध्या जोराने ती हलत नाही. ती सहज फिरली तर ब्रेकची तबकडी झिजली आहे किंवा तिच्यावर गिअरचे ग्रीस उतरले आहे. ती घट्ट राहिली आणि तरीही खोली सरकत असेल, तर मोटर आणि खोली यांच्यामध्ये कोठेतरी दुवा तुटलेला आहे. फिरत्या दांड्यावरील जोडपिना, त्यांची वाढलेली भोके, दातेरी चाकाचे झिजलेले दात आणि पट्टी चासीला बांधणारे नटबोल्ट, या क्रमाने पाहावे. काही यंत्रणांमध्ये जोडपीन मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते, जेणेकरून अडथळा आल्यास गिअर न तुटता पीन तुटावी. अशा पिनेच्या जागी बाजारातील कठीण पोलादी बोल्ट ठोकून बसवण्याची पद्धत कार्यशाळांमध्ये सर्रास दिसते. ती पुढच्या वेळी गिअरचा चुरा करते, म्हणून मूळ प्रतीचीच पीन बसवण्याचा आग्रह मालकाने धरावा.

भिंतीतील दोन मोटरी

स्वतंत्र ब्रेक नसल्यामुळे या प्रकारात खोली पूर्णपणे आत जाऊन दोन्ही मोटरी स्वतःहून थांबणे अत्यावश्यक असते. खोली आत पोहोचल्यासारखी दिसताच बटण सोडले, तर एक मोटर टोकाला पोहोचलेली आणि दुसरी थोडी मागे अशी स्थिती राहते, आणि दर वेळी हा फरक वाढत जातो. उपाय असा की खोली पूर्ण बाहेर काढून दोन्ही मोटरींचा आवाज थांबेपर्यंत बटण दाबून ठेवावे, नंतर काही सेंटिमीटर आत घेऊन पुन्हा बाहेर टोकापर्यंत न्यावी, आणि दोन्ही मोटरी एकाच क्षणी थांबेपर्यंत हे करत राहावे. मग खोली आत घेतानाही, दोन्ही मोटरी थांबल्यानंतर आणखी काही सेकंद बटण धरून ठेवावे. स्लाइड चालवणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो चालक असो वा स्पॉटदादा, ही सवय समक्ष करून दाखवावी लागते. भिंतीवर सूचना चिकटवल्याने ती लागत नाही.

इतके करूनही एकच कड सुटत असेल तर त्या बाजूची मोटर काढून तिचा दांडा हाताने फिरवून पाहावा आणि दुसऱ्या बाजूच्या मोटरीशी तुलना करावी. दोहोंच्या विरोधात लक्षात येण्याजोगा फरक असेल तर सैल फिरणारी मोटर बदलावी. भिंतीवरील ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना ग्रीस लावू नये, कारण रस्त्याची धूळ त्यात बसून दातांवर घासणारा लेप तयार होतो. सुकल्यावर चिकट न राहणारा टेफ्लॉनचा फवारा पुरेसा आहे.

हायड्रॉलिक सिलिंडर

हायड्रॉलिक यंत्रणेत तीन जागा संशयित असतात: हाताने सोडण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसणे, तेलाला परतीचा मार्ग बंद करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकणे, आणि सिलिंडरमधील पिस्टनचे सील झिजणे. पहिली जागा पान्ह्याने घट्ट करून तपासता येते, मात्र तो व्हॉल्व्ह बेताने आवळावा, कारण अतिजोराने त्याचे बसण्याचे टोकच खराब होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांतील फरक ओळखण्यासाठी खोली पूर्ण आत घ्यावी, पंप बंद करून यंत्रणेतील दाब उतरवावा, आणि खोली बाहेर ढकलणाऱ्या बाजूचा होज सिलिंडरपासून सोडवून त्या होजच्या तोंडाला बूच बसवावे. सिलिंडरचे उघडे तोंड एका स्वच्छ भांड्यावर येईल अशी व्यवस्था करून पंपाने आत घेण्याचा दाब द्यावा. उघड्या तोंडातून तेल येत राहिले तर पिस्टनचे सील गेले आहे. काहीच आले नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. या वेळी खोलीच्या बाहेरील बाजूस कोणीही उभे राहू नये, आणि गळती शोधण्यासाठी दाबाखालील होजवरून बोट फिरवू नये, कारण सूक्ष्म छिद्रातून येणारी तेलाची धार त्वचेतून आत घुसते आणि ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

व्हॉल्व्हमध्ये कचरा सापडला तर केवळ तो साफ करून थांबू नये. कचरा टाकीतून आलेला असतो, म्हणून टाकी रिकामी करून धुवावी, गाळणी बदलावी आणि निर्मात्याने सांगितलेलेच तेल भरावे. अनेक अमेरिकी यंत्रणांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल वापरले जाते. तेल कमी पडल्यावर हाताशी असलेले ब्रेक ऑइल ओतणे हा तर थेट नाशाचा मार्ग आहे, कारण ते या यंत्रणेतील नायट्राइल रबराची सील फुगवून मऊ करते. पिस्टनची सील आणि ओ-रिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, पण जुने सील सोबत नेऊन व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजून घ्यावी. नजरेने जुळवलेले सील बसते, परंतु टिकत नाही.

बॅटरी, तारा आणि पॅकअपची वेळ

कित्येक गाड्यांत धरणारा भाग पूर्ण निरोगी असतो आणि तरीही खोली सुटते, कारण ती मुळात पूर्ण आत गेलेलीच नसते. कडेचे पोकळ रबरी सील दाबले जाण्यासाठी शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच मोटरीला सर्वाधिक जोर लागतो. त्या वेळी व्होल्टेज कमी पडले तर मोटर सील दाबण्यापूर्वीच थांबते आणि अर्धवट दाबलेले सील स्प्रिंगप्रमाणे खोलीला परत ढकलत राहते.

व्हॅनिटी व्हॅनमध्ये व्होल्टेज कमी पडण्याची कारणे ठरलेली आहेत. पॅकअप झाल्यावर आधी जनरेटर बंद होतो किंवा त्याची केबल काढली जाते, आणि त्यानंतर दिवे, पंखे चालून उतरलेल्या बॅटरीवर स्लाइड आत घेतली जाते. क्रम उलटा केला, म्हणजे जनरेटर चालू आणि चार्जर जोडलेला असतानाच स्लाइड आत घेतली, तर पुष्कळ गाड्यांची तक्रार त्याच दिवसापासून कमी होते. दुसरे कारण बांधणीतले आहे. ट्रक आणि बसच्या चासीवर २४ व्होल्टची यंत्रणा, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या दोन बॅटऱ्या असतात, आणि स्लाइडची मोटर सामान्यतः १२ व्होल्टची असते. अशा वेळी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट उचलले जातात. ती बॅटरी सतत अर्धपोटी राहते, दुसरी वाजवीपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्ही अकाली निकामी होतात. २४ वरून १२ व्होल्ट करणारा, मोटरीचा पूर्ण प्रवाह झेलणारा कन्व्हर्टर बसवावा, किंवा खोलीसाठी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी ठेवून तिला स्वतंत्र चार्जर द्यावा.

मल्टिमीटरने दोन वेळा मोजावे. गाडी काही तास उभी असताना भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली आहे. त्यानंतर खोली आत येऊन सील दाबत असताना प्रत्यक्ष मोटरीच्या टोकांवर मोजावे. बॅटरीवरील आणि मोटरीवरील आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक फरक असेल तर तार बारीक आहे किंवा जोड गंजले आहेत. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ८ मीटर लांब नेली आणि ३० अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर येण्याजाण्याच्या १६ मीटरमध्ये सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. तेथे १६ चौरस मिलिमीटरची तार घातली तर हा खर्च अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. अर्थसाठी चासीच्या रंगलेल्या पत्र्यावर बोल्ट आवळून भागत नाही. रंग खरवडून, थिंबल नीट दाबून, वरून ग्रीसचा थर द्यावा.

सील बदलले असल्यास ते मूळ आकाराचेच आहे का, हेही पाहावे. बाजारातील जाड किंवा कडक बीडिंग बसवले तर कोणतीही मोटर ते पूर्ण दाबू शकत नाही. खोली आत घेऊन कडेभोवती कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली, तर कोठे सील दाबले गेले नाही हे लगेच कळते. सील स्वच्छ करून त्याला सिलिकोनचा फवारा द्यावा. खनिज तेल किंवा ग्रीस लावल्यास सीलचे ईपीडीएम जातीचे रबर फुगते.

आधाराचा दांडा

आत आलेल्या स्लाइडची आतील चौकट भिंतीपासून बरीच आत असते. या चौकटीच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या मध्ये, दोन्ही कडांना एकेक, लांबी कमीजास्त करता येणारा पोलादी दांडा घट्ट बसवला की खोलीला बाहेर जाण्यास जागाच उरत नाही. दांड्याचे टोक पातळ प्लायवूडवर न टेकवता सांगाड्याच्या उभ्या पोलादी खांबासमोर टेकवावे आणि त्याखाली रबराची गादी द्यावी. यंत्रणा निरोगी असलेल्या गाडीतही असे दांडे असावेत, कारण वर दाखवलेले ८४ किलोचे बल एकट्या ब्रेकवर किंवा एकट्या सीलवर सोपवणे मला योग्य वाटत नाही. परंतु दोष असलेल्या गाडीला दांडे लावून ती तशीच चालवत राहिल्यास दांडा भिंत वाकवतो, आणि मूळ खर्चात सांगाड्याच्या दुरुस्तीची भर पडते.

दांडे लावल्यावर मोठा धोका उरतो तो ते न काढता बटण दाबले जाण्याचा. म्हणून दांडा बसलेला असताना मोटरीचा प्रवाह तोडणारा एक लहानसा लिमिट स्विच लावून घ्यावा. असे स्विच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात आणि कोणताही वाहन इलेक्ट्रिशियन ते बटणाच्या ओळीत जोडून देतो.

खोली रस्त्यातच बाहेर आली तर गाडी डावीकडे घेऊन, धोक्याचे दिवे लावून, शक्यतो सपाट जागी थांबवावी. इंजिन चालू ठेवून किंवा जनरेटर लावून मगच स्लाइड आत घ्यावी, आणि दांडे नसतील तर योग्य मापाचे लाकडी ठोकळे कापून चौकट आणि भिंत यांमध्ये बसवावेत. बाहेरून दोर बांधणे निरुपयोगी आहे, कारण दोराला पकडण्यासाठी खोलीच्या गुळगुळीत बाह्यभागावर काहीच नसते.

दुरुस्ती पूर्ण झाली असे केव्हा मानावे

कार्यशाळेच्या आवारात खोली चार वेळा आतबाहेर करून गाडी ताब्यात घेऊ नये. कपडेपट, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांसह नेहमीचा पूर्ण भार भरून, चारही कोपऱ्यांवर चिकटपट्टी लावून, दांडे सैल ठेवून आणि मागे एक मोटारसायकलस्वार ठेवून, रहदारी कमी असलेल्या वेळी पहाटे एक फेरी मारावी. स्लाइड डावीकडे असेल तर त्या फेरीत उजवीकडचे यू-टर्न मुद्दाम घ्यावेत, उजवीकडे असेल तर डावी वळणे घ्यावीत. परत आल्यावर चारही कोपऱ्यांवरील फरक मोजावा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा आणि सर्व कोपऱ्यांवर सारखा फरक हा सील बसण्याचा परिणाम असतो. त्याहून अधिक असेल, किंवा एकाच कडेला असेल, तर गाडी त्याच कार्यशाळेत परत न्यावी, मोजमापांचा कागद कारागिराच्या हाती द्यावा आणि दोष सरकलेल्या कडेपासून पुन्हा शोधायला सांगावा.